नागपूरच्या महोत्सवात आमचं भजनी मंडळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परत आलो त्याला महिना झाला. तरी चक्कीवर, रेशनच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत तेच प्रश्न. आता आसपासच्या मंडळांचेही फोन येऊन राहिले. एकच गोष्ट पन्नासदा सांगण्यापेक्षा एकदाची लिहून काढावी म्हटलं. मी मंडळाची हिशेबाची वही सांभाळते आणि मागच्या ओळीत टाळ वाजवते. त्यामुळं पैशाबद्दल जरा जास्त लिहिलं गेलं असेल, तेवढं चालवून घ्या.

तुम्ही नेमके कुठले? किती जण आहात?

वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका, जामच्या चौरस्त्यापासून आत. मंडळात २६ जण, त्यात १७ बाया आणि ९ माणसं. सगळ्यात मोठ्या आजी ७४ वर्षांच्या, सगळ्यात लहान पोरगी नववीत. पेटीवाले काकाजी सोडले तर कोणी कुठं गाणं शिकलेलं नाही. दर गुरुवारी रात्री देवळात सामुदायिक प्रार्थना होते, त्यानंतर भजन. विदर्भात ज्या ज्या गावात तुकडोजी महाराजांचा शब्द पोचला, तिथं हे असंच चालतं. खंजिरी त्यांच्यामुळंच घराघरात आली.

एवढ्या मोठ्या शहरात जायची भीती नाही वाटली?

वाटली. पण आमच्या बैठकीत कोणीतरी आठवण करून दिली की तुकडोजी महाराज १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत जाऊन आले. जामपासून नागपूर साठेक किलोमीटर. मग कोणाला काही बोलताच येईना.

निवड कशी झाली? वशिला होता का?

नव्हता. तीन मिनिटांचा व्हिडिओ मागितला होता, तो मोबाइलवर देवळात काढला. दुसऱ्या कडव्यात कुत्रं भुंकलं. पुन्हा काढला तर सगळ्यांचे चेहरे फोटो स्टुडिओत बसल्यासारखे झाले. शेवटी कुत्र्याचाच पाठवला.

ऐन डिसेंबरात कापूस सोडून बाया गेल्याच कशा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक ते असतात ज्यांचा कापूस दुसरं कोणी वेचतं.

आमच्या तीन बैठका यातच गेल्या. मंडळातल्या १७ बायांपैकी ११ जणी मजुरीनं वेचायला जातात. वेचणीची मजुरी किलोवर असते. आमच्याकडं यंदा किलोमागे १० रुपये होती, आणि हात चालणारी बाई दिवसाला ३५ किलो सहज वेचते. म्हणजे एक दिवस नागपूर म्हणजे ३५० रुपयांवर पाणी. शहरातल्या माणसाला ही रक्कम छोटी वाटेल. पण हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, त्यातही पाऊस किंवा धुकं आलं की दिवस बाद. एकेक दिवस मोजून घ्यावा लागतो.

पहिला उपाय असा निघाला की सकाळी वेचून दुपारी निघू. तो टिकला नाही. डिसेंबरात बोंडावर दव असतं. ओला कापूस वेचला तर मालक ओरडतो, कारण सरकारी खरेदीत ८ ते १२ टक्क्यांपर्यंतचाच ओलावा चालतो आणि व्यापारी तर नुसता हात लावूनच भाव पाडतो. म्हणून वेचणी सुरूच होते नऊ-दहाला, ऊन वर आल्यावर. आम्हाला तर ११ वाजता गाडीत बसायचं होतं.

मग मजुरी मंडळानं भरून द्यावी असा विषय निघाला. एक भाऊजी म्हणाले, "देवाच्या कामाची कायची मजुरी?" आमच्या एक वहिनी, ज्या एरवी बैठकीत तोंड उघडत नाहीत, त्या म्हणाल्या, "देवाचं काम हाय तं त्या दिवशी आमच्या पाळीचा कापूस तुम्ही वेचा नं भाऊजी." ठराव तिथंच मंजूर झाला. अकराही जणींना ३५० रुपये रोख, निघायच्या आदल्या रात्री. परत आल्यावर देऊ म्हटलं असतं तर कोणी मागितले नसते आणि मग दिलेही गेले नसते. आमची गावं मला माहीत आहेत.

हे पैसे घेणं म्हणजे भक्ती कमी, असं अजूनही दोन-तीन जण म्हणतात. घेणाऱ्यांपैकी कोणी ते परत करावेत अशी अपेक्षा आम्ही ठेवली नव्हती आणि कोणी केलेही नाहीत.

एकूण खर्च किती आला? पैसे आले कुठून?

छोटी बस जाऊन-येऊन ९,५०० रुपये. मजुरीची भरपाई ३,८५०. चहा-पाणी १,२००. पेटीची दुरुस्ती ६००. बेरीज १५,१५०.

आयोजकांकडून मानधन ५,००० मिळालं, गावातून वर्गणी ७,४०० जमली, उरलेले २,७५० मंडळाच्या गल्ल्यातून घेतले. वही देवळात ठेवली आहे, कोणीही पाहू शकतं. पाहायला आजवर एकच जण आला, आणि तो भरपाईचा ठराव वाचायला आला होता.

मानधनाबद्दल एक सूचना. ते हातात नाही, खात्यात येतं, आणि खातं मंडळाच्या नावाचं लागतं. आमची नोंदणी धर्मादाय कार्यालयात आधीच झालेली होती म्हणून निभावलं. नसेल तर आत्ता लागा. संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, आणि कागद फिरायला वेळ लागतो. पैसे तीन आठवड्यांनी आले. तोवर बसवाल्याला वर्गणीतून दिले, म्हणून मानधनाच्या भरवशावर गाडी ठरवू नका.

एसटीनं का नाही गेले? बायांना तर अर्धं तिकीट आहे.

आहे. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायांना अर्धं आणि ७५ च्या वरच्यांना तर त्याआधीपासूनच फुकट. आजी म्हणाल्या, एक वर्ष थांबा, माझे पैसे वाचतील. पण रात्री परतताना आमच्या गावची गाडी कुठून मिळणार? शिवाय पेटी, मृदंग, बारा जोड टाळ. तुमचा कार्यक्रम दुपारचा असेल आणि गाव हमरस्त्यावर असेल तर बेलाशक एसटीनं जा.

बाया आणि माणसं एकत्र गातात तर पट्टी कोणती धरता?

मंडळवाले हाच प्रश्न विचारतात, आणि बरं वाटतं.

पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या सुरावर गाणं बसवायचं तो सूर, काळी-पांढरी आणि नंबरानं ओळखतात. आमच्या बायांचा आवाज काळी चारला खुलतो, माणसांचा काळी एकला. देवळात हे चालून जातं, कारण बाया गातात तेव्हा माणसं टाळ धरतात आणि माणसं गातात तेव्हा बाया. मधे पेटीवाले काकाजी गुपचूप पट्टी बदलतात. मंचावर सगळ्यांनी एकदम गायचं ठरलं आणि ओढाताण सुरू झाली. काळी एकला घेतलं की बायांचे खालचे सूर तोंडातल्या तोंडात राहायचे. काळी चारला घेतलं की अंतऱ्यात माणसांच्या मानेच्या शिरा मोजता यायच्या. आठ दिवस भांडून पांढरी चार धरली. ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, सगळ्यांनी, अंतरा बायांनी, आणि वरच्या षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा च्याही वर जाणारी एक ओळ होती ती फक्त दोघींनी. माणसांनी त्या ओळीला टाळ वाजवायचा आणि गप्प बसायचं. सगळ्यात जास्त तालीम या गप्प बसण्याची झाली.

आता योगायोग असा की आमच्या पेटीचा पांढरी चारचाच सूर फुसफुसत होता. दुरुस्तीचे ६०० रुपये त्याचे.

तालीम कधी करत होते?

रात्री साडेआठ ते दहा, महिनाभर. वेचणीहून आलेल्या बाईला स्वयंपाक करून, भांडी घासून यायचं असतं, त्यामुळं साडेआठ म्हणजे नऊ. पहिल्या आठवड्यात माणसं वेळेवर येऊन बायांच्या नावानं बोटं मोडायची. मग दोन घरी सासरे स्वतः भात टाकायला लागले असं ऐकलं. नावं सांगणार नाही, त्यांनी नको म्हटलं आहे.

खंजिरी मंचावर वाजली नाही म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. खंजिरीचं कातडं हवेतला ओलावा पितं. उघड्या मैदानावर रात्री आठनंतर दव उतरायला लागलं की कातडं सैल पडतं आणि टण्णदिशी वाजायच्या ऐवजी थप्प आवाज येतो. गावात आपण शेकोटीवर धरतो. तिथं मंचामागं शेकोटी कुठून आणणार? आधी वाटलं, मोठ्या दिव्यासमोर धरू. पण आजकालचे मंचावरचे दिवे एलईडीचे, डोळे दिपतात पण ऊब लागत नाही. शेवटी खंजिरीवाला पोट्टा चहाच्या टपरीवर गेला आणि शेगडीपासून हातभर वर धरून फिरवत बसला. चहावाल्यानं एक शब्द विचारला नाही, वर चहा पाजला.

जवळ धरू नका, कातडं तडकतं. तापवलेली खंजिरी दहा-पंधरा मिनिटंच ताणून राहते, म्हणून दोन न्या आणि एक शेवटच्या घडीला तापवा. आमच्याजवळ एकच होती. मंचाच्या पायरीवर पाऊण तास उभं राहावं लागलं तोवर ती पुन्हा सैल. मंचावर ती थप्पच वाजली.

फायबरच्या पानाची खंजिरी मिळते, ती दवानं सैल पडत नाही. काकाजींना दाखवली तर म्हणाले, "डब्बा वाजवल्यावानी वाटते बाप्पा." पुढच्या वेळी मात्र पिशवीत एक असेल, त्यांना न सांगता.

माईकचं काय? आमच्या मंडळाला माईक मिळाला की ताल सुटतो.

आमचाही सुटला, साउंड चेकमध्ये. ती चार मिनिटं मिळाली ते नशीब.

कारण साधं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानाच्या मध्यावर जे स्पीकर लावलेले असतात ते मंचापासून शंभर-दीडशे फुटांवर. तुम्ही टाळ मारला की तारेतून तो तिथं लगेच पोचतो, पण तिथून हवेतून तुमच्या कानावर परत यायला सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जरा जास्त जातो. मागच्या ओळीतली बाई त्या परत आलेल्या आवाजाला ताल समजते आणि मागं पडते. पुढची तिला ऐकून आणखी मागं. देवळात हे होत नाही कारण भिंत दहा फुटांवर आहे.

साउंडवाल्या पोरानं सांगितलेला उपाय: कान बंद, डोळे उघडे. सगळ्यांनी मृदंगवाल्याच्या हाताकडं पाहायचं आणि फक्त त्याच्याबरोबर चालायचं. आपल्या पायाशी जो छोटा स्पीकर असतो त्यात मृदंग आणि पेटीच द्यायला सांगा, गाणं नको. आणि माईक जितके जास्त तितकी शिट्टी जास्त. आम्ही २६ जणांना चार माईक घेतले, प्रत्येकापासून दीड-दोन हात अंतर ठेवून. टाळवाल्यांना माईकपासून लांब बसवा, नाहीतर श्रोत्यांना फक्त टाळ ऐकू येतात. मी स्वतः टाळवाली असून हे सांगते आहे.

सगळ्यांना एका रंगाच्या साड्या घेतल्या का?

नाही. "पारंपरिक वेशभूषा" असं कळवलं होतं. त्यावर कोणी म्हणालं, नऊवारी भाड्यानं आणू. आमच्या चार म्हाताऱ्या रोज नऊवारी लुगडंच नेसतात, त्यांना ही वेशभूषा आहे हे पहिल्यांदाच कळलं. बाकीच्यांनी लग्नातली ठेवणीतली हिरवी किंवा हिरवट जी असेल ती नेसायची ठरलं. लांबून सगळं एकच दिसलं.

पंधरा मिनिटं ठरली होती, आठच मिनिटं का गायले?

कारण रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं, तो दिवस त्यातला नव्हता. आमची वेळ साडेआठची होती. त्याआधी सत्कार झाले. शाल, श्रीफळ, मनोगत, पुन्हा शाल. आम्ही नऊ चाळीसला मंचावर चढलो आणि आमच्यानंतर अजून एक मंडळ उभं होतं, गडचिरोलीकडून आलेलं, आमच्या तिप्पट लांबून. त्यांचीही वेळ खाल्ली असती तर आम्ही आणि सत्कारवाले यांत फरक काय राहिला?

तीन भजनं बसवली होती. संथ अभंगानं सुरुवात, मग गवळण, शेवटी खंजिरी भजन. पायरीवरच ठरवलं की अभंग आणि गवळण सोडायची. महिनाभर ज्या गवळणीवर दोघींनी घसा झिजवला तीच राहिली. दोघींपैकी एक परतीच्या वाटेवर बुटीबोरीपर्यंत बोलली नाही. पण आठ मिनिटांत एकच चीज पोटभर गायली. समोरची पोरं, जी मोबाइलवर होती, ती दुसऱ्या ध्रुपदाला टाळ्या धरायला लागली.

आता आम्ही प्रत्येक कार्यक्रम तीन मापांत बसवतो: पंधरा मिनिटं, आठ मिनिटं आणि चार मिनिटं.

निवेदिका काय म्हणाली म्हणून आजी रागावल्या?

ती म्हणाली, "आता ऐकू या लुप्त होत चाललेली ग्रामीण कला." पोरगी गोड होती, तिला लिहून दिलेलं तिनं वाचलं. आजींनी माईकसमोर बसल्या बसल्या बाजूच्या बाईला विचारलं, "कोण लुप्त झालं वं?" आणि माईक चालू होता. त्या दिवशीची सगळ्यात मोठी टाळी तिथं पडली.

दर गुरुवारी गातो आम्ही. पाऊस असला तरी.

भजनाच्या मंडळात भीमगीत कशाला?

नागपूरला गायलो नाही, पण बसमध्ये गायलो, आणि गावातल्या काहींना तेही खटकलं. आमचे ढोलकीवाले मामाजी दोन्ही वाजवतात. त्यांची माय १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांच्या दीक्षेला पायी आणि मिळेल त्या बंडीत बसून नागपूरला गेली होती. जाताना दुपारी आम्ही दीक्षाभूमीला थांबलो, ते त्यांच्यासाठी. मामाजी आत अर्धा तास बसले. बाहेर आल्यावर काही बोलले नाहीत, फक्त बसमध्ये ढोलकी मांडीवर घेतली. मग आम्ही काय भजन धरणार होतो?

आवाज बसला होता का? ऐकणाऱ्यांना जाणवला.

हो, आणि चूक आमची. जाताना बसमध्ये जामपासून नागपूरपर्यंत गायलो. इंजिनच्या आवाजावर गायचं म्हणजे ओरडणंच. त्यात कापसाची तूस आठवडाभर घशात गेलेली. चार वाजेपर्यंत निम्म्यांचे घसे खरखर करायला लागले. मग ज्येष्ठमध चघळा, लवंग धरा, कोमट पाणी प्या हे सगळं केलं. खरा उपाय होता गप्प बसणं, तो आम्हाला जमत नाही. जाताना झोपा, येताना गा.

बायांच्या सोयीचं काय? तिथं काही व्यवस्था होती का?

फोनवर हा प्रश्न नेहमी शेवटी आणि हळू आवाजात येतो, म्हणून मोठ्यानं लिहिते. मैदानावर होती, पण मंचापासून लांब, आणि एकदा पायरीजवळ उभं केलं की तीन तास हलता येत नाही. आमच्या बाया ठरवून दुपारपासून पाणीच पीत नव्हत्या. घसा कोरडा पडायचं तेही एक कारण. आयोजकांना आधीच विचारा की मंचामागं सोय आहे का, आणि दोघीदोघींनी आळीपाळीनं जा. जाता-येता पेट्रोल पंपावर गाडी थांबवा, ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. तो घाई करतो.

जेवणाचं काय केलं?

शिदोरी. भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा, तिखटमिठाच्या पुऱ्या. एका वहिनींनी सांबारवड्या (कोथिंबिरीच्या) आणल्या होत्या, त्या बुटीबोरीच्या आधीच संपल्या. तिथं जेवणाची कुपनं मिळाली, पण रांग पाहून कोणी गेलं नाही. पोट्ट्यांनी तर्री पोहे खाल्ले आणि आमच्याकडचेच बरे असं सांगत सुटले.

नागपूर पाहिलं की नाही?

दीक्षाभूमी सोडली तर बसच्या खिडकीतून. डोक्यावरून मेट्रो गेली तेव्हा सगळी बस एका बाजूला झुकली.

नंबर कितवा आला?

स्पर्धा नव्हती. स्मृतिचिन्ह मिळालं, काचेचं. कुठं ठेवायचं यावर बैठक बाकी आहे. सध्या माझ्या घरी गव्हाच्या कोठीवर आहे.

आम्हालाही बोलावणं आलं आहे. जावं का?

आधी बैठक घ्या, आणि त्या बैठकीत ज्यांची मजुरी बुडणार आहे त्यांना पहिले बोलू द्या. मग गाडी, मग पट्टी. सत्काराला पाहुणे किती आहेत तेही विचारून घ्या.

गाडीत सापडलेली चप्पल कोणाची?

डाव्या पायाची, निळ्या पट्ट्याची, अंगठ्याजवळ शिवलेली. महिना झाला, मंडळातलं कोणीच आपली म्हणत नाही. बसवाला म्हणतो गाडीत आधी नव्हती. देवळाच्या पायरीवर ठेवली आहे. गुरुवारी साडेआठनंतर या आणि घेऊन जा.